दोन अलिंदांमधला पडदा

शालेय पाठ्यपुस्तकातील हृदयाचे चित्र बहुतेक वाचकांना आठवत असेल. वर दोन व खाली दोन असे चार कप्पे. उजवीकडचे निळ्या रंगात, डावीकडचे तांबड्या रंगात. आणि त्यांच्या मधोमध वरपासून खालपर्यंत ओढलेली एक जाड रेघ. ही रेघ म्हणजे हृदयातील मधली भिंत. खालच्या दोन कप्प्यांपुरते, म्हणजे निलयांपुरते, हे चित्र बव्हंशी खरे आहे. तेथे खरोखरच बोटभर जाडीची, घट्ट स्नायूची भिंत असते. वरच्या दोन कप्प्यांच्या, म्हणजे अलिंदांच्या बाबतीत मात्र ही रेघ वाचकाची फसवणूक करते. तेथे जी भिंत दिसते तिचा मोठा भाग वास्तविक भिंत नाहीच. तो हृदयाच्या बाहेरच्या आवरणाला आतल्या बाजूस पडलेली एक घडी आहे. खरी भिंत त्या घडीच्या मधोमध, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत सामावलेली असते. नुसत्या डोळ्यांना हा भेद सहज उमगत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तो पहिल्याच दृष्टिक्षेपात स्पष्ट होतो. हा भेद केवळ शरीररचनाशास्त्रज्ञाच्या कुतूहलाचा विषय आहे असे कोणी समजू नये. हृदयात सुई घालणाऱ्या वैद्याच्या दृष्टीने तो रुग्णाच्या जीवनमरणाचा प्रश्न ठरतो.

शब्दांबद्दल थोडेसे. संस्कृतात अलिंद म्हणजे घराच्या दारापुढील ओटा किंवा ओसरी. लॅटिन भाषेतील मूळ नावही रोमन घराच्या दर्शनी चौकावरून घेतलेले आहे. पाहुणा प्रथम ओसरीवर येतो, मग माजघरात जातो; त्याप्रमाणे रक्त प्रथम अलिंदात येते व मग झडप ओलांडून निलयात उतरते. शरीरभर फिरून आलेले अशुद्ध रक्त उजव्या अलिंदात, आणि फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन आलेले शुद्ध रक्त डाव्या अलिंदात. या दोन ओसऱ्यांमधला जो आडपडदा, तोच या प्रकरणाचा विषय आहे.

उजवे अलिंद उघडून आतून या पडद्याकडे पाहिले, तर मध्यभागाच्या थोडे खाली एक उथळ, लांबट गोल खळगा दिसतो. त्याला अंडाकृती खळगा असे नाव आहे. प्रौढ माणसात त्याची रुंदी साधारणपणे दीड ते दोन सेंटिमीटर असते. त्याचा तळ इतका पातळ असतो की हृदय उजेडासमोर धरले असता त्यातून प्रकाश झिरपतो. खळग्याच्या वरच्या व मागच्या बाजूस घोड्याच्या नालासारखी जाड, उठावदार कडा असते. डाव्या अलिंदातून पाहावे तर यांपैकी फारसे काही दिसत नाही. तेथे पडद्याचा पृष्ठभाग जवळजवळ सपाट असतो. फार तर एखादी चंद्रकोरीसारखी पुसट रेषा आढळते. एकाच भिंतीच्या दोन बाजू इतक्या भिन्न का, हे समजण्यासाठी ती भिंत कशी बांधली गेली हे पाहिले पाहिजे.

भिंत कशी उभी राहते

गर्भ चार आठवड्यांचा असतो तेव्हा त्याची लांबी जेमतेम पाच मिलिमीटर असते आणि दोन्ही अलिंदे मिळून एकच पोकळी असते. त्या सुमारास पोकळीच्या छतापासून एक पातळ पडदा खाली वाढू लागतो. त्याला आद्य पडदा म्हणू. खाली, अलिंदे व निलये यांच्या सीमेवर, मऊ ऊतकाच्या दोन उशा वाढत असतात. त्यांना भेटण्यासाठी हा पडदा पुढे सरकतो. भेट होण्यापूर्वी त्याच्या खालच्या काठाशी जी फट उरते, तीतून उजवीकडचे रक्त डावीकडे जात राहते. पुढे ती फट बुजते. पण तसे होण्याच्या आतच पडद्याच्या वरच्या भागातील पेशी ठरलेल्या क्रमाने मरू लागतात, तेथे बारीक बारीक भोके पडतात व ती एकमेकांत मिसळून नवे छिद्र तयार होते. एक दार बंद होण्याआधी दुसरे उघडले जाते. निसर्गाने येथे एक क्षणही वाट अडवून चालणार नसते.

याचे कारण उघड आहे. गर्भाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात व त्यांचे काम आईची वार करीत असते. वारेकडून येणारे प्राणवायुयुक्त रक्त नाळेतून, अधोमहानीलेच्या मार्गाने, उजव्या अलिंदात पोचते. ते मेंदूकडे व हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांकडे लवकर जायचे असेल तर फुप्फुसांचा वळसा टाळून त्याला थेट डाव्या बाजूस उतरले पाहिजे. त्यासाठी वाट हवी.

यानंतर जे घडते त्याचे वर्णन जुन्या ग्रंथांत ‘दुसरा पडदा वाढतो’ असे केलेले आढळते. आद्य पडद्याच्या उजव्या अंगाला छतापासून दुसरा, अधिक जाड पडदा खाली येतो, असे त्यात सांगितलेले असते. हे वर्णन सोयीचे आहे, परंतु नेमके नाही. लंडनमधील रॉबर्ट अँडरसन व त्यांचे सहकारी यांनी अनेक हृदयांचे काळजीपूर्वक छेद घेऊन दाखविले की हा दुसरा पडदा म्हणजे अलिंदांच्या छताला आत पडलेली खोल घडी होय. उजव्या अलिंदाला मिळणारी ऊर्ध्वमहानीला आणि डाव्या अलिंदाला मिळणाऱ्या फुप्फुसनीला यांच्या मधल्या जागेत छत आत दबते. जाड कापडाला चिमटा घेऊन आत ढकलावे, तसा हा प्रकार. घडीला दोन थर असतात आणि दोन थरांच्या मध्ये बाहेरची जागा असते. घडीचा खालचा काठ व आद्य पडदा यांच्यामध्ये जी तिरकी वाट राहते तेच अंडाकृती छिद्र. आद्य पडदा तेथे पडवीच्या दारावरील सैल कापडी पडद्यासारखा डाव्या बाजूने लोंबत असतो. उजवीकडून रक्ताचा रेटा आला की तो बाजूला होतो. डावीकडून आला की कडेवर घट्ट बसतो.

बाळाचा पहिला श्वास या व्यवस्थेचा शेवट करतो. फुप्फुसे फुलतात, त्यांतील रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, फुप्फुसांतून परतणाऱ्या रक्ताने डावे अलिंद भरते व त्यातील दाब उजव्या अलिंदापेक्षा वाढतो. पडदा कडेवर दाबला जातो आणि वाट बंद होते. गर्भातील ही वाट व जन्मानंतरचे तिचे बंद होणे दुसऱ्या शतकातील गेलनला माहीत होते. त्याच गेलनने खालच्या, निलयांमधल्या भिंतीत अदृश्य छिद्रे असल्याचे सांगितले आणि ती छिद्रे कोणालाही न दिसता हजाराहून अधिक वर्षे मानली गेली. तेराव्या शतकात इब्न अल्-नफीस याने ती नाकारली. सोळाव्या शतकात व्हेसेलियसने त्यांविषयी शंका घेतली. १६२८ साली विल्यम हार्वेच्या ग्रंथाने त्यांची गरजच संपविली. वरच्या भिंतीतील खरी वाट उघड्या डोळ्यांना दिसत होती आणि खालच्या भिंतीतील कल्पित वाटांवर वैद्यकशास्त्र उभे होते. शास्त्राच्या इतिहासात असे प्रसंग विरळा नाहीत.

वाट बंद होणे आणि वाट बुजणे यांत मात्र अंतर आहे. पडदा कडेला चिकटून एकजीव होण्यास काही महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो; आणि पुष्कळांमध्ये तो पूर्णपणे कधीच चिकटत नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये शवविच्छेदनात मिळालेल्या ९६५ हृदयांची तपासणी करण्यात आली. तिचा वृत्तांत १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २७.३ टक्के हृदयांत या वाटेतून सळई पलीकडे जाऊ शकत होती. म्हणजे दर चार माणसांपैकी एकाच्या हृदयातील हे दार नुसते लोटलेले असते, त्याला कडी घातलेली नसते. बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही, कारण डावीकडचा दाब ते बंद ठेवतो. जोराने खोकताना किंवा कुंथताना उजवीकडचा दाब क्षणभर वाढतो व दार किंचित किलकिले होते. पायातील नीलेत तयार झालेली रक्ताची गुठळी नेमकी त्याच क्षणी तेथे आली, तर ती फुप्फुसांच्या गाळणीत न अडकता डावीकडे जाऊन मेंदूपर्यंत पोचू शकते. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ यूलियुस कोनहाइम याने १८७७ सालीच एका तरुण स्त्रीच्या मृत्यूचा असा उलगडा केला होता.

काचपट्टीवरचा प्रवास

आता या पडद्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहू. त्यासाठी ऊतकाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवितात, त्यातील पाणी काढून मेणात बसवितात आणि सुमारे पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतात. माणसाच्या केसाची जाडी याच्या दहापट तरी असते. असा काप रंगविल्याशिवाय त्यात काही दिसत नाही. नित्याच्या रंगांपैकी हिमॅटॉक्सिलीन हे मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या लाकडापासून मिळते व पेशींची केंद्रके निळीजांभळी करते. इओसिनने बाकीचा भाग गुलाबी होतो. परंतु या पडद्यासाठी एवढ्याने भागत नाही, कारण स्नायू व तंतू दोन्ही गुलाबीच दिसतात. मासोनच्या तिरंगी पद्धतीत स्नायू तांबडा व कोलॅजेन निळे अथवा हिरवे होते. व्हेरहॉफच्या पद्धतीत लवचीक तंतू काळेभोर उठून दिसतात. आपल्या पडद्याची कथा या तीन रंगांतच वाचता येते.

खळग्याच्या मध्यातून आडवा छेद घेतला आहे आणि आपण उजवीकडून डावीकडे निघालो आहोत असे समजू. प्रथम लागतो तो अंतःस्तर. चपट्या पेशींचा हा एकेरी थर फरशीसारखा बसविलेला असतो. शरीरातील प्रत्येक रक्तवाहिनीला आतून असेच अस्तर असते आणि रक्ताला गोठू न देणे हे त्याचे मोठे काम. त्याच्या खाली संयोजी ऊतकाची पातळ पट्टी, तीत कोलॅजेन, थोडे लवचीक तंतू व तुरळक अनैच्छिक स्नायुपेशी. अंतःस्तर व ही पट्टी मिळून अंतर्हृद्स्तर होतो.

त्यानंतर पडद्याचा गाभा. खालच्या निलयांच्या भिंतीत ज्याप्रमाणे स्नायूंचे दाट, सलग गठ्ठे दिसतात तसे येथे काहीच नाही. हृद्स्नायूच्या बारीक जुड्या विरळपणे पसरलेल्या असतात व त्यांच्यामधून कोलॅजेनचे पट्टे नागमोडी वळणाने गेलेले असतात. तिरंगी रंगात हे दृश्य फार बोलके दिसते: निळ्या शेतातून तांबड्या वाटा जाव्यात तसे. काही हृदयांत तांबडा रंग अधिक, काहींत जवळजवळ नाही. बालकाच्या पडद्यात स्नायू स्पष्ट असतो. वयाबरोबर कोलॅजेनचे प्रमाण वाढत जाते. या साऱ्या गाभ्याची जाडी एक-दोन मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी.

पलीकडे पोचलो की डाव्या अलिंदाचा अंतर्हृद्स्तर लागतो आणि तो उजव्यापेक्षा चांगलाच जाड आढळतो. व्हेरहॉफच्या रंगात काळ्या लवचीक तंतूंच्या कित्येक समांतर रेषा येथे मोजता येतात. उजव्या बाजूस त्या तुरळक असतात. डाव्या अलिंदातील दाब जन्मभर थोडा अधिक असतो आणि भिंतीने त्याची नोंद आपल्या अंगावर ठेवलेली असते. नाव झाकून ठेवलेली काचपट्टी समोर आली तर तिची डावी बाजू कोणती हे अनुभवी विकृतिशास्त्रज्ञ बहुधा यावरूनच ओळखतो.

खळग्याच्या वरच्या काठाशी, जेथे पडदा कडेवर बसतो तेथे, आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते. वाट बुजलेली असेल तर दोन्ही पृष्ठभागांवरचा अंतःस्तर नाहीसा झालेला असतो आणि त्या जागी कोलॅजेनची एकसंध शिवण दिसते. वाट उघडी असेल तर तिरप्या चिरेच्या दोन्ही बाजूंना अंतःस्तराच्या पेशी शेवटपर्यंत शाबूत दिसतात. तशी ती चीर म्हणजे एक छोटा बोगदाच असतो.

आता स्नायुपेशीकडे थोडे निरखून पाहू. अलिंदाची स्नायुपेशी निलयाच्या पेशीहून बारीक असते. तिच्यावर आडवे पट्टे असतात, केंद्रक सामान्यतः एक व मध्यभागी असते, आणि ती फांद्या फुटून शेजारच्या पेशींना जोडलेली असते. जोडाच्या ठिकाणी पायऱ्यांसारखी गडद रेघ दिसते. तेथून विद्युत् आवेग एका पेशीतून दुसरीत जातो. वयस्क माणसात केंद्रकाच्या दोन्ही टोकांना पिवळसर तपकिरी रंगद्रव्याचे कण साठलेले असतात. मात्र या पेशींचे सर्वांत नवलाचे वैशिष्ट्य साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. १९५६ साली ब्रूनो किश यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गिनीपिगच्या अलिंदांच्या पेशींत, केंद्रकाजवळ, गर्द गोल कण आढळले. असे कण सामान्यतः स्राव निर्माण करणाऱ्या ग्रंथींत असतात. ते स्नायूत काय करीत होते? उत्तर मिळण्यास पाव शतक लागले. १९८१ साली कॅनडात अदोल्फो द बोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या अलिंदांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा त्यांच्या मूत्रातून मीठ व पाणी झपाट्याने बाहेर पडू लागले. अलिंद रक्ताने फार ताणले गेले की या पेशी एक संप्रेरक सोडतात आणि मूत्रपिंडांना ओझे कमी करण्यास सांगतात, असे यातून सिद्ध झाले. हृदय हा केवळ पंप नव्हे, ती एक अंतःस्रावी ग्रंथीही आहे. हे कण अलिंदांच्या सर्व भागांत सारख्याच संख्येने नसतात. पडद्यापेक्षा अलिंदांच्या कानासारख्या टोकांत ते विपुल आढळतात.

कडेच्या आत काय आहे

काचपट्टी थोडी वर सरकवावी. खळग्याचा पातळ तळ संपतो व जाड कडा सुरू होते. पाठ्यपुस्तकातील चित्रावर विसंबणाऱ्याला येथे स्नायूचा भरीव ठोकळा दिसेल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात दिसते ते असे: उजव्या अलिंदाचा स्नायू, त्यामागे चरबी, आणि चरबीच्या पलीकडे डाव्या अलिंदाचा स्नायू. चरबीच्या पेशी रंगविताना त्यांतील मेद विरघळून गेलेला असल्यामुळे मधमाशांच्या पोळ्यासारखी रिकामी जाळी दिसते. तीत बारीक रोहिण्या व नीला असतात, मज्जातंतू असतात, आणि मधून मधून मोठ्या, गोल, ठळक केंद्रकाच्या मज्जापेशींचे पुंजकेही असतात. हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर जी चरबी, ज्या वाहिन्या व जे मज्जातंतू असतात, तेच हे. ते आत शिरलेले नाहीत. भिंतच त्यांच्यासह आत दुमडली आहे. आपण हृदयाच्या मध्यभागी आहोत असे वाटते त्या ठिकाणी वस्तुतः आपण हृदयाच्या बाहेर असतो!

याचा व्यवहारात काय उपयोग, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सुईच्या टोकावर आहे. डाव्या अलिंदात पोचणे वैद्यांना फार दिवस अवघड गेले, कारण शरीराच्या बाहेरून तेथे जाणारी सोपी वाट नाही. १९५९ साली अमेरिकेत जॉन रॉस आणि कॉन्स्टंटिन कोप यांनी स्वतंत्रपणे एक मार्ग सुचविला: जांघेतील नीलेतून लांब नळी उजव्या अलिंदात न्यायची व तिच्यातून सुई पुढे काढून मधला पडदा भेदायचा. सुई खळग्याच्या तळातून गेली तर ती एक-दोन मिलिमीटर ऊतक ओलांडून सरळ डाव्या अलिंदात उतरते. तीच सुई दोन बोटे वर किंवा मागे लागली, तर ती घडीच्या चरबीत, म्हणजे हृदयाबाहेर, शिरते. तेथून रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साठू लागले तर हृदयाला फुलण्यास जागाच उरत नाही आणि काही मिनिटांत रुग्णाचे प्राण कंठाशी येतात. म्हणून सुई प्रथम ऊर्ध्वमहानीलेपर्यंत वर नेऊन हळूहळू खाली ओढतात. जाड कडेवरून ती पातळ तळावर येते तेव्हा तिचे टोक एक लहानशी उडी घेते. ती उडी क्ष-किरणांच्या पडद्यावर दिसते व कुशल हाताला जाणवतेही. आता श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने पडदा प्रत्यक्ष पाहता येतो. सुईच्या टोकाने खळग्याचा तळ तंबूसारखा ताणला गेला की जागा बरोबर आहे याची खात्री पटते.

आपल्या देशाचा या सुईशी निकटचा संबंध आहे. घशाच्या साध्या वाटणाऱ्या संसर्गानंतर मुलांना येणारा संधिज्वर सांध्यांना चाटून जातो आणि हृदयाला डसतो. त्यामुळे डाव्या अलिंदाच्या तोंडावरील द्विदल झडपेची दले एकमेकांना चिकटतात आणि तिचे दार अरुंद होते. भारतात हा विकार पाश्चात्त्य देशांच्या मानाने लहान वयात व अधिक तीव्र स्वरूपात आढळत आला आहे. छाती न उघडता अशी झडप रुंद करण्यासाठी जपानमधील कांजी इनोऊए यांनी फुगा बसविलेली नळी तयार केली व तिचा वृत्तांत १९८४ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी जेम्स लॉक यांनी एम. खलीलुल्ला, सावित्री श्रीवास्तव इत्यादी भारतीय डॉक्टरांसमवेत दिल्लीतील मुले व तरुण रुग्ण यांच्यावर केलेल्या अशाच उपचारांचा वृत्तांत दिला. फुगा डाव्या अलिंदात नेण्याची वाट म्हणजे हाच खळगा. सुईने पाडलेले व नळीने थोडे रुंद केलेले भोक बहुतेक रुग्णांत पुढे आपोआप लहान होते किंवा बुजते. तंतुमय व विरळ स्नायूचा तळ हे सहन करू शकतो.

याच दृष्टीने पडद्यातील जन्मजात छिद्रांकडे पाहिले म्हणजे त्यांचेही वर्गीकरण सोपे होते. बहुसंख्य छिद्रे खळग्याच्या तळातच असतात. आद्य पडदा अपुरा वाढल्याचा किंवा त्यास भोके राहिल्याचा तो परिणाम. ऊर्ध्वमहानीलेच्या मुखाशी असणारी काही छिद्रे मात्र खऱ्या पडद्यात नसतातच. तेथे घडीच नीट पडलेली नसते, आणि उजवीकडच्या फुप्फुसनीला अनेकदा चुकीच्या बाजूस उघडतात. खळग्यातील छिद्राला ज्या साधनाने झाकता येते ते येथे चालत नाही, कारण टेकायला चारी बाजूंनी काठच नसतो.

खालचा कोपरा

पडद्याच्या खालच्या व पुढच्या कोपऱ्यात, त्रिदल झडपेजवळ, एक लहानसा त्रिकोण आहे. त्याला कॉखचा त्रिकोण म्हणतात. हृदयाच्या ठोक्याचा आवेग उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात निर्माण होतो व निलयांकडे जाताना त्याला या त्रिकोणातून जावे लागते, कारण अलिंदे व निलये यांच्यामध्ये इतरत्र आवेग न वाहणाऱ्या तंतूंची कडी असते. सुनाओ तवारा हे तरुण जपानी संशोधक जर्मनीतील मारबुर्ग येथे लुडविग अशॉफ यांच्याकडे काम करीत होते. क्रमाने घेतलेल्या छेदांमागून छेद तपासत, निलयांच्या भिंतीतून आवेगवाहक तंतूंचा माग काढीत ते वर वर येत गेले आणि अखेर या कोपऱ्यातील गाठीपाशी थांबले. १९०६ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हृदयाच्या विद्युत्‌मार्गाविषयीचे आजचे ज्ञान त्या ग्रंथावर उभे आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ चटकन ओळखू येते. तिच्या पेशी लहान व फिकट असतात, त्यांतील आकुंचनशील तंतू थोडे असतात, आणि त्या कोलॅजेनच्या बारीक जाळ्यात गुंतागुंतीने विणलेल्या असतात. शेजारच्या अलिंद-स्नायूसारखी त्यांना सरळ दिशा नसते. पेशीपेशींतील जोडही कमी. त्यामुळे आवेगाचा वेग येथे सेकंदाला सुमारे पाच सेंटिमीटर इतका मंदावतो आणि सेकंदाच्या दहाव्या भागाइतका विलंब होतो. तेवढ्या अवधीत अलिंदे आकुंचन पावून निलयांत उरलेले रक्त ढकलतात. शल्यविशारद या कोपऱ्याजवळचे छिद्र शिवतात तेव्हा त्यांचे सारे लक्ष या गाठीकडे असते. एक टाका चुकीच्या जागी पडला तर अलिंदे व निलये यांचा संबंध तुटतो. येथेही घडीचा प्रकार आहेच: अलिंदाचा स्नायू व निलयाचा स्नायू यांच्यामध्ये बाहेरून शिरलेली चरबीयुक्त ऊतकाची पाचर असते आणि गाठीला रक्त पुरविणारी रोहिणी तीतूनच येते.

वार्धक्यात पडद्याचे रूप पालटते. कडेतील चरबी काही व्यक्तींत इतकी वाढते की तिची जाडी दोन सेंटिमीटरांहून अधिक होते. तेव्हा श्राव्यातीत चित्रात पडदा व्यायामाच्या डंबेलसारखा दिसतो. दोन्ही टोके फुगीर व मधला खळगा तसाच पातळ. चरबी घडीतच वाढते, खऱ्या भिंतीत नाही, हे त्याचे कारण आता वाचकाच्या ध्यानी आले असेल. नवख्या डॉक्टराला ही गाठ अर्बुद वाटण्याचा संभव असतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र भोवती आवरण नसलेली चरबी, तीत अडकलेल्या स्नायुपेशी, आणि नवजात बालकात असते तशा, अनेक सूक्ष्म थेंबांनी भरलेल्या मेदपेशी दिसतात. त्यावरून संशय फिटतो. वृद्धांच्या अलिंदांत आणखी एक पदार्थ साठतो. काँगो रेडने रंगवून ध्रुवित प्रकाशात पाहिल्यास तो सफरचंदासारखा हिरवा चमकतो. अलिंदांनी जन्मभर सोडलेल्या संप्रेरकापासूनच तो बनलेला असतो.

पडद्यातील छिद्रे बंद करण्याचा इतिहासही आता दीर्घ झाला आहे. १९५२ साली मिनेसोटा विद्यापीठात जॉन लुईस यांनी रुग्णाचे शरीर थंड करून उघड्या हृदयातील छिद्र शिवले. १९५३ साली जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियात हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधाराने तेच केले, आणि त्या यंत्राचे पहिले यश याच पडद्याच्या वाट्यास आले. पुढे छाती न उघडता, नळीतून नेऊन छिद्राच्या दोन्ही बाजूंना बसणारी धातूच्या तारांची दुहेरी चकती तयार झाली. गर्भातील वाट उघडी राहिलेल्या आणि कारण न सापडणारा पक्षाघात झालेल्या निवडक तरुण रुग्णांत ती बसविल्याने पुन्हा होणारा पक्षाघात कमी होतो, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तीन मोठ्या चाचण्यांनी दाखविले. चकती बसली की तारांच्या जाळीत प्रथम रक्तातील फायब्रिन अडकते; मग काठांकडून संयोजी ऊतक आत सरकते, कोलॅजेन साठते, आणि शेवटी शेजारच्या अंतर्हृद्स्तरातील चपट्या पेशी दोन्ही बाजूंनी पसरत येऊन सारा पृष्ठभाग झाकतात. याला काही महिने लागतात. उघड्या तारेवर रक्त गोठू नये म्हणून तोपर्यंत रुग्णाला रक्ताची गुठळी रोखणारी औषधे घ्यावी लागतात.